गोळीचा रकाना

खारवाडी, ता. मालवण
९ जून २०२५

दादा,

गोळी परत सुरू कर.

हे पत्र या एका वाक्यासाठी आहे. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

सहा वर्षं आपण बोललो नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे. मी दर संक्रांतीला करून बघते. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. तू कागद फाडत नाहीस. वर्कशॉपची जुनी बिलंसुद्धा तारेला लावून ठेवतोस. हे पत्रही कुठेतरी राहील.

प्राजक्ताने मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मुलीने बापाच्या काळजीने आत्याला फोन केला, यात चोरी नाही. तुझी साखर अकरा वर्षांची. मार्चमध्ये तुझ्या लघवीत प्रथिन सापडलं. डॉक्टरांनी एक छोटी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनीन १.१ चं १.३ झालं होतं. तू घरी येऊन पाकिटं कपाटावर फेकलीस आणि म्हणालास:

"बगलंस? गोळी घेतली आणि किडनी बिगाडली. आणि माका बीपी खंय आसा? एकशे चोवीस-ऐंशी. जेका बीपी नाय तेका बीपीची गोळी कित्याक?"

तुझ्यासमोर जे आकडे होते त्यांवरून कुणीही हेच म्हणेल. आकडे खरे आहेत. ते मोजले चुकीच्या जागी. ही गोळी तुझ्या दंडासाठी नाही.

मलाही साखर आहे. तीन वर्षं झाली. तुला सांगायला कुणी नव्हतं. मीही तीच गोळी घेते, सकाळी, चहाच्या आधी. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, त्यामुळे वेळ आहे. तू परत सुरू करीपर्यंत मी लिहीत राहणार.

सारिका


खारवाडी
२४ जून २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. इंजिन ऑइलच्या बिलाच्या पाठीवर एक ओळ: "तू डाक्टर कधी झालंस? शाळेतल्या पोरांका शिकय."

शाळा संपली. आता तूच उरलास.

डॉक्टर मी नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेले. कणकवलीला डॉ. तेजस्वी परब आहेत, माझी साखर त्याच बघतात. वय पस्तीसच्या आत. बोलताना पेशंटच्या फायलीच्या मागे चित्रं काढतात. प्राजक्ताने तुझे रिपोर्ट फोनवर पाठवले होते, ते त्यांना दाखवले. तुझं नाव सांगितलं नाही. "एक नातेवाईक" म्हटलं. त्या म्हणाल्या, "नातेवाईक हट्टी आहेत का?" मी म्हटलं, "त्यांच्या बहिणीइतके नाहीत." ती बहीण मीच, हे सांगितलं नाही. हसल्या.

त्यांनी सांगितलं ते जसं कळलं तसं लिहिते.

मूत्रपिंडात गाळण्या असतात. एकेका मूत्रपिंडात दहा-दहा लाख. गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं वेटोळं. रक्त आत येण्याची एक वाट आणि बाहेर जाण्याची एक. आत किती दाब राहील हे या दोन वाटा किती उघड्या आहेत त्यावर ठरतं.

या वाटा आवळणारं एक द्रव्य शरीरातच तयार होतं. ते तयार करणारं एक विकर आहे. डॉक्टर एन्झाइम म्हणतात. ते द्रव्य मोडून टाकणारं दुसरं विकर आहे. एक बनवतं, दुसरं मोडतं. निरोगी माणसात दोघांचं जमतं. मधुमेहात मूत्रपिंडातलं हे जमणं बिघडतं. गाळण्यांपाशी बनवणारं वाढतं आणि मोडणारं कमी पडतं. ते द्रव्य साचतं आणि बाहेर जाणारी वाट जास्त आवळली जाते. आत येणारी वाट साखरेने आधीच सैल झालेली असते. येणं मोकळं, जाणं अडलेलं. दाब गाळणीच्या आत चढतो. गाळणीची भोकं मोठी होतात. प्रथिन, जे रक्तात राहायला हवं, ते लघवीत उतरतं.

मी विचारलं, "पण बीपी बरोबर आहे त्यांचं."

त्या म्हणाल्या, "दंडावर बरोबर आहे. गाळणीच्या आत पट्टा बांधता येत नाही, बाई."

ही गोळी बनवणाऱ्या विकराला आवर घालते. बाहेरची वाट सैल होते, आतला दाब उतरतो. दाब उतरला की गाळणं जरा मंदावतं, म्हणून क्रिएटिनीन थोडं चढतं. १.१ चं १.३ होणं अपेक्षित होतं. गोळी लागू पडल्याचं ते लक्षण असू शकतं. तिथेच थांबलं तर ठीक. चढतच राहिलं, किंवा पोटॅशियम वाढलं, तर डॉक्टर स्वतःच गोळी बदलतात किंवा बंद करतात. पंधरा दिवसांनी रक्त बघायला सांगतात ते त्यासाठी. हे तुला आधी कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. डॉ. तेजस्वी म्हणाल्या, "आम्ही घाईत असतो. चूक आमचीच."

एवढ्या लवकर चूक कबूल करणारं माणूस मी फार बघितलं नाही.

बाबांनाही याच जातीची गोळी होती. तुला आठवत असेल. त्याविषयी मी नंतर लिहीन.

गोळी सुरू कर. नंतर लघवी परत तपास.

सारिका


खारवाडी
१३ जुलै २०२५

दादा,

या वेळी बिलाच्या पाठीवरसुद्धा काही नाही. प्राजक्ता म्हणते, पत्र वाचून तू म्हणालास, "कायच्या काय लिवता. येकरां, डबकरां." आणि पाकिटं अजून कपाटावरच आहेत.

मग विकरं राहू देत. उघाडीचं लिहिते. ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

खारबांधाची उघाडी बाबांकडे होती. खालच्या वाडीची अख्खी शेती त्या एका लाकडी दारामागे. भरतीला खाडीचं पाणी दार लोटून बंद करायचं, ओहोटीला दार सुटायचं आणि शेतातलं पाणी बाहेर पडायचं. बाबांनी खाडीच्या बाजूला दगडावर छिनीने तीन खुणा केल्या होत्या. खाडी दुसऱ्या खुणेखाली उतरली की ते म्हणायचे, "उतरली," आणि घरी यायचे.

श्रावणात सात दिवस पाऊस लागला होता. तू चौदा वर्षांचा, मी नऊ. बाबा दुपारी बांधावर जाऊन आले, खूण बघितली आणि जेवायला बसले. तू शाळेतून बांधावरून आलास आणि दारातच म्हणालास, "बाबा, दार उघडूक नाय. शेतात पाणी माझ्या छातीक लागता."

बाबा म्हणाले, "खाडी उतरली हा. खुणेर बगलंय मी."

"खाडी उतरली. शेत उतराक नाय."

"तू माका शिकवतंस?"

तू दप्तर टाकलंस, पहार घेतलीस आणि पळालास. मी तुझ्या मागे. खाडीच्या बाजूला चिखल उघडा पडला होता, त्यावर बगळे चालत होते. आतल्या बाजूला पाणी बांधाच्या डोक्याला टेकलं होतं. दारात एक ओंडका तिरका बसला होता. तू तीन वेळा बुडी मारलीस. तिसऱ्या बुडीला ओंडका सुटला. पण तोपर्यंत पिंपळाकडचा वीस हात बांध गेला होता. तो आतून फुटला. पुढच्या उधाणाला खाडी आत शिरली. दोन वर्षं त्या जमिनीत भात झालं नाही.

त्यानंतर बाबांनी शेताच्या बाजूला दुसऱ्या तीन खुणा केल्या. त्या अजून आहेत. उघाडी आता लोखंडी झाली, पण खुणा त्याच. दर अमावास्येला मी जाऊन बघते. आधी आतली, मग बाहेरची.

उपमा पुरी जुळत नाही, हे मला कळतं. पस्तीस वर्षं मुलांच्या निबंधांतल्या उपमांखाली मी लाल रेघा मारल्या. तरी ही ठेवते. दंडावरचं बीपी ही खाडीची खूण. लघवीतलं प्रथिन ही शेतातली. तुझी शेतातली खूण दोनशे दहा आहे. ती तीसच्या आत असायला हवी.

बाबांसमोर उभं राहून "शेत उतराक नाय" म्हणणारा मुलगा तू होतास. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते. बाबांना बरं वाटेल असंच मी नेहमी बोलत आले.

सारिका


खारवाडी
३ ऑगस्ट २०२५

दादा,

सोबत वही पाठवते आहे. तू ती ओळखशील. बाबांच्या बाराव्याला दाजींनी, भावकीतले थोरले म्हणून, ती सगळ्यांना दाखवली होती. तुला लांबून दिसली असेल. तू पडवीच्या कडेला उभा होतास.

दाजी तेव्हा काय म्हणाले ते मी एकदा लिहून टाकते. "चेडवान बगा कशी वही ठेवली. रोजची साखर, रोजचा बीपी, रोजची गोळी. आणि झिलान आडसरां पाजून बापाशीक मारल्यान."

मी त्या वेळी चहाचे कप गोळा करत होते. मी ऐकलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कप घेऊन आत गेले.

तू शेवटच्या आठवड्यात रोज दोन-दोन आडसरं, शहाळी, आणत होतास. बाबांना जेवण जात नव्हतं. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं देतात. तू नाही दिलंस तर दुसऱ्या कुणी दिलं असतं. मूत्रपिंड थकलेलं असलं की पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "नारळपाणी दिलंत का?" तू म्हणालास, "हो, रोज." तुझा तो "हो" सगळ्यांनी ऐकला. तू खरं बोललास आणि दोषी ठरलास.

मला कुणी काही विचारलं नाही. वही होती.

आता वही उघड. चार रकाने आहेत: तारीख, साखर, बीपी, गोळी. १४ नोव्हेंबर २०१६ पर्यंत सगळं खरं आहे. त्यानंतर गोळीच्या रकान्यातल्या बरोबरच्या खुणा खोट्या आहेत. सगळ्या.

झालं असं. त्या गोळीने बाबांना कोरडा खोकला लागला होता. थांबायचा नाही. "बाय, ही गोळी नको गो. खोकून खोकून बरगड्ये दुखतत." बीपी एकशे सोळा-चौऱ्याहत्तर होतं. मी विचार केला: बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला. तू मार्चमध्ये म्हणालास तेच वाक्य. 

मी गोळी थांबवली. आठवड्याने खोकला थांबला. बाबा म्हणाले, "तुका देव बरां करो." मला फार बरं वाटलं.

डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जायचो. ते वही बघायचे आणि म्हणायचे, "बाई, असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत." पहिल्या वेळी मी सांगणार होते. त्यांनी कौतुक केलं आणि मी गप्प बसले. पुढच्या वेळी आदल्या दिवशी बसून मागच्या सगळ्या खुणा केल्या. नंतर दर वेळी तसंच. गोळ्या दर महिन्याला आणत होते, कारण चिठ्ठीत होत्या. त्या पिठाच्या रिकाम्या डब्यात जायच्या.

डॉ. तेजस्वींना मी हे सांगितलं. माझं म्हणून सांगितलं, नातेवाईकाचं म्हणून नाही. त्या म्हणाल्या, खोकला येणाऱ्यांसाठी याच कामाची दुसऱ्या जातीची गोळी असते. तिने खोकला येत नाही. तेव्हाही मिळत होती. डॉक्टरांना "खोकला येतो, म्हणून देत नाही" एवढं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बदलून दिली असती.

मी विचारलं, "मग माझे वडील वाचले असते?"

त्या म्हणाल्या, "ते सांगता येणार नाही. गोळी असूनही काहींची मूत्रपिंडं जातात. पण अडीच वर्षं त्यांना काहीच आधार नव्हता, हे खरं."

बाबा २ मे २०१९ ला गेले. शहाळ्याचं पाणी शेवटी आलं. बांध त्याआधी अडीच वर्षं आतून झिजत होता आणि मी खाडीच्या खुणेवर बरोबर लिहीत होते.

हे मी सहा वर्षं सांगितलं नाही. पहिली तीन वर्षं, मला स्वतःला ती लागेपर्यंत, गोळीचं खरं काम माहीतच नव्हतं, असं म्हणता येईल. पण गोळी दिली नाही आणि दिली असं लिहिलं, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा तसं म्हणत नाही.

मला क्षमा नको. तुझ्या कपाटावरची पाकिटं खाली यायला हवीत.

सारिका


खारवाडी
२२ ऑगस्ट २०२५

दादा,

परवा जे झालं ते लिहून ठेवते. आपल्या दोघांच्या आठवणी वेगळ्या होत जातात. या वेळी तसं व्हायला नको.

मी जामसंड्याला उतरून चालत वर्कशॉपवर आले. तू एका बोटीच्या इंजिनाचा पंप खोलून बसला होतास. वर बघितलंस.

"इलंस?"

"इलंय."

"बस थंय." डिझेलच्या रिकाम्या पिंपाकडे बोट केलंस. पिंप पुसलं नाहीस. माझ्या साडीला अजून डिझेलचा वास येतो.

तू पंपाचा एकेक भाग फडक्यावर मांडलास. मग हात पुसून गल्ल्याखालून वही काढलीस.

"ह्यो जून, जुलै, ऑगस्ट. एकाच पेनान, एकाच बैठकीक. सगळे खुणे एकाच बाजूक वाकडे. आंधळ्याकसुद्धा कळात."

"डॉक्टरांना कळलं नाही."

"डाक्टरांनी वही बगली नाय. तुका बगल्यानी. बाईंचो चश्मो, बाईंची साडी." मग म्हणालास, "माका तरी खंय दाखयलंस वही? दाजींनी लांबसून फडकयली. मोर्चात फडकयतत तशी."



"सहा वर्षां मी आडसर पिऊक नाय," तू म्हणालास. "लोक बोटीवर देतत, उन्हातून इल्यार. मी म्हणतंय, पोट बरां नाय."

तेवढ्यात तुझ्या हाताखालचा ओमकार चहा घेऊन आला. त्याने मला ओळखलं नाही. तू सांगितलंस, "ही माझी भयण. मास्तरीण. खोटे मार्क देता." तो हसायचं की नाही ते न कळून उभा राहिला. मी हसले.

तो गेल्यावर तू विचारलंस, "माफी मागूक इलंस?"

"नाय. गोळी घेतंस काय बगूक इलंय."

तू पंप परत जुळवायला घेतलास. मग, माझ्याकडे न बघता: "तीनची गाडी आसा. चुकवू नको."

मी गाडी पकडली. येताना दाजींच्या घरी उतरले. ते आता शहाऐंशीचे. कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता सांगान काय उपयोग गो?"

"तुमका नाय. दादाक आसा."

"मग थंय सांग."

"थंय सांगलंय. आता तुम्ही बाराव्याक जे बोललात, तां म्हाळाक सगळ्यांसमोर मागे घ्या."

ते म्हणाले, "मी म्हातारो झालंय."

मी म्हटलं, "मग मी बोलतंय."

वही तुझ्याकडेच असू दे.

सारिका


खारवाडी
१६ सप्टेंबर २०२५

दादा,

काल पितृपक्षातला बाबांचा म्हाळ झाला. अठ्ठावीस माणसं होती. तू नव्हतास. तुझं पान वाढलं होतं.

पानं वाढून झाल्यावर, कुणी घास घेण्याआधी, मी पडवीच्या मधोमध उभी राहिले. तू बाराव्याला उभा होतास तिथून चार हातांवर. जे तुला पत्रात लिहिलं तेच सांगितलं, तारखेसह. जेवण झाल्यावर सांगितलं असतं तर अर्धे उठून गेले असते. उपाशी माणूस पानावरून उठत नाही, हे मला शाळेच्या स्नेहसंमेलनांवरून माहीत आहे.

राधाबाई काकी म्हणाली, "अगो, वडे थंड होतत." मी म्हटलं, "होऊ देत." तिने मग डोळ्याला पदर लावला. वड्यांसाठी की कशासाठी, कळलं नाही.

दाजी शेवटी बोलले. खाली बघत. "गुरुदासाक मी वायट बोललंय. तां बोलूक नको होतां." एवढंच. पण सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवशीही एवढ्यांनीच ऐकलं होतं.

मग सगळे जेवले. काळ्या वाटाण्याची आमटी खारट झाली होती. मी खाल्ली नाही. मीठ मला आता बेतानेच आहे. तुलाही.

आता मी तुला एकच विचारणार. दर पत्रात. उत्तर येईपर्यंत.

गोळी घेतोस का?

सारिका


खारवाडी
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

देवगड गाडीच्या ड्रायव्हरने काल तिठ्यावर हाक मारली. "मास्तरीणबाय, तुमचां पार्सल." वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही. पत्र नव्हतं. मी तिठ्यावरच, दुकानाच्या कट्ट्यावर बसून उघडली.

बाबांच्या शेवटच्या नोंदीनंतर तू दोन पानं कोरी सोडली आहेस. तिसऱ्यावर पट्टीने रकाने आखलेत. तेच चार. तारीख, साखर, बीपी, गोळी. पहिली तारीख २१ ऑगस्ट. म्हणजे मी येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी म्हाळाला उभी राहिले, दर पत्रात विचारीन म्हणून लिहिलं, तेव्हा तू सव्वीस दिवस गोळी घेत होतास. सांगितलं नाहीस. ठीक आहे.

गोळीच्या रकान्यात खुणा नाहीत. रोजच्या गोळीच्या मागची चांदी कापून डिंकाने चिकटवली आहे. गोळी निघाली तिथे फाटलेली. काहींवर ग्रीसचा अंगठा. पानाच्या तळाला एक ओळ: "खुणेर माझो इस्वास नाय."

हे मला लागलं. लागू देत. बरोबर आहे.

पानात घडी घालून रिपोर्ट ठेवलाय. क्रिएटिनीन १.३. चढलं होतं तिथेच थांबलं. पोटॅशियम ४.६. मी लगेच कणकवलीला फोन केला. डॉ. तेजस्वी म्हणाल्या, "छान. त्या हट्टी नातेवाईकांना सांगा, डिसेंबरात लघवीचं प्रथिन बघायचं. गोळी चालू ठेवून." मी सांगितलं, तो माझा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, "ते चित्र काढतानाच कळलं होतं."

मग डावी पानं बघितली. उजव्या पानावर तुझे रकाने आणि डाव्या प्रत्येक पानावर तसेच चार, त्याच पट्टीने, डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखा घालून. रिकामे. वर तुझ्या अक्षरात माझं नाव.

मी घरी आले आणि कात्री शोधली. माझ्या कचऱ्याच्या टोपलीत नऊ दिवसांची चांदी सापडली. तेवढी चिकटवली. आधीचे दिवस कोरे ठेवलेत. गोळी घेतली होती, पण पुरावा नाही. या वहीत पुराव्याशिवाय मी आता काही लिहिणार नाही.

एक राहिलं.

तुझ्या पानावर सतरा सप्टेंबरची जागा रिकामी आहे. चांदी निघून पडली म्हणावं, तर कागदावर डिंकाचा डाग नाही. म्हणजे त्या दिवशी तू गोळी घेतली नाहीस. दुसरी कुठलीही चांदी कापून लावता आली असती. मला कळलं नसतं. तू लावली नाहीस. तारीख घातलीस, साखर लिहिलीस, बीपी लिहिलंस आणि तो चौकोन तसाच ठेवलास.

मी त्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ बघत होते. माझ्या सगळ्या वहीत असा एकही नाही.

पण सतरा तारखेला गोळी का घेतली नाहीस? म्हाळाचं माझं पत्र त्या दिवशी पोचलं म्हणून? खोकला आला म्हणून? खोकला असेल तर आजच डॉक्टरांना सांग, दुसऱ्या जातीची मिळते. संपली होती तर दोन पाकिटं जास्त आणून ठेव. विसरलास तर तसं लिही. काहीही असलं तरी मला ते कळायला हवं.

वही मंगळवारच्या गाडीने परत पाठवते. सतरा तारखेचं उत्तर लगेच दे. बिलाच्या पाठीवर मावेल. फोन केलास तरी चालेल. माझा नंबर तोच आहे.

सारिका